उंबऱ्याच्या आत

दुकानात कपडा हातात घेतला की आम्ही बायका तो आधी उलटा करून पाहतो. शिवण ओढून बघायची, बगलेतली टीप पक्की आहे का ते चाचपायचं, आतून धागे लोंबत असतील तर तो नग बाजूला सारायचा. ठाण्याच्या राम मारुती रोडवर, कल्याणला शिवाजी चौकाच्या आसपास, डोंबिवलीत स्टेशनबाहेरच्या गल्ल्यांत, कुठेही उभं राहा, ही तपासणी चाललेली दिसेल. "फिनिशिंग नाही हो याला," असं म्हटलं की दुकानदार निमूटपणे दुसरा नग काढतो. त्या क्षणी आपण कपड्याच्या अगदी आत शिरलेले असतो, शिवणीच्या पोटात. आपल्याआधी तिथून कुणाची तरी बोटं फिरून गेलेली असतात. त्यांची आठवण मात्र कुणाला होत नाही.

लोंबणारा धागा कुणीतरी तोडावा लागतो. मशीन टीप मारतं आणि थांबतं, टिपेच्या दोन्ही टोकांना धागा लोंबत राहतो. मोठ्या कारखान्यांत तो आपोआप कापणारी यंत्रं असतात. छोट्या गाळ्यांत नसतात. तिथला कारागीर नगावर शिवतो, टोकं तोडत बसायला त्याला वेळ नसतो. मग शिवलेल्या मालाचे गठ्ठे बांधून ते गाळ्याबाहेर पडतात आणि वस्तीतल्या घराघरांत जातात. या कामाला सगळे ‘धागा कटिंग’ म्हणतात. घरातली एखादी जीन्स उलटी करून बघा. खिसे, कंबरपट्टी, पट्टा अडकवायचे लूप, चेन, पायाकडची दुमड. प्रत्येक लूपला वर एक टाका, खाली एक टाका, आणि प्रत्येक टाक्याला दोन टोकं.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाईंच्या बहिणीने संक्रांतीनंतर हळदीकुंकवाला बोलावलं होतं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, जिथून पुढे उल्हासनगर कुठे संपलं आणि अंबरनाथ कुठे लागलं ते कळत नाही, अशा एका चाळवजा वस्तीत त्यांचं घर. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. पोटमाळ्याच्या शिडीपाशी जीन्सचा ढीग कमरेइतका लागलेला. धुलाईला जायच्या आधीची जीन्स मी पहिल्यांदा हाताळली. ती खळ लागलेली, कडक असते आणि निळा रंग सोडते. ढिगाच्या कडेला घरातली मोठी मुलगी बसली होती, सहावीतली. तिच्या उजव्या हातात चिमटीत मावेल एवढी छोटी कातर, जिला तिथे कटर म्हणतात. डोळे टीव्हीवर. धागा ती डोळ्यांनी शोधत नव्हती. डाव्या अंगठ्याने शिवणीवरून सरकत जायची, अंगठ्याला टोक लागलं की कटर तिथे पोचायचं, कट्, आणि अंगठा पुढे. अंगठ्याचं पेर निळं, नखाच्या कडेची रेघ त्याहून गडद. हवेत बारीक तूस तरंगत होती, ट्यूबलाइटच्या उजेडात दिसत होती. धाकटा भाऊ झालेले नग मोजून रचत होता आणि बारा झाले की चिंधीने बांधत होता. दुसरीत आहे म्हणे. बाराचा पाढा मी त्याला सहज विचारला, तर न अडखळता एकशे वीसपर्यंत म्हणून दाखवला. शाळेत अजून तिथवर आले नव्हते.

हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, वाण म्हणून स्टीलची वाटी हातात आली. मी मुलीबद्दल विचारलं. त्या बाई मूळच्या परभणीकडच्या, बोलणं अजून तिकडचंच. म्हणाल्या, "ताई, ती काय कामाला जाते व्हय? घरीच तर हाय. शाळेतून आली की हात लावती जरा. शनवारी माल द्यायचा असतो, न्हाई दिला तर फुडचा गठ्ठा दुसरीकडं जातो." नवरा आधी जीन्स धुण्याच्या कारखान्यात होता, तो बंद पडल्यापासून मिळेल ते करतो. पोरगी हुशार आहे, हेही त्यांनीच सांगितलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवत. त्यांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. लेकराला राबवणारी आई म्हणून मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, आजही बघू शकत नाही. पण शाळेत शिकवते, त्यामुळे त्या मुलीची संध्याकाळ मला कळते. गृहपाठ कधी होतो, वही कधी उघडते, दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला डोळे का मिटतात, हे सगळं कळतं. आमच्या डोंबिवलीच्या शाळेतही नवरात्र ते दिवाळी या काळात काही वर्गांची हजेरी पातळ होते. तेव्हा बाजाराला मालाची घाई असते.

उल्हासनगरचं पाणी निळं झालं तेव्हा आपल्याला ते दिसलं होतं. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला, १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं, आणि हातात काही नसलेल्या माणसांनी अक्षरशः शून्यातून बाजारपेठ उभी केली. गजानन मार्केट, जपानी मार्केट, आणि पुढे जीन्सचा प्रचंड धंदा. जीन्सच्या धुलाईचं पाणी वालधुनी नदीत जाऊ लागलं, पर्यावरणवाले न्यायालयात गेले, आदेश आले, कारखान्यांची वीज तोडली, बरेचसे कारखाने आसपासच्या गावांमध्ये सरकले. डोंबिवलीत २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला, २०२० च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा आम्ही सगळे हादरलो, फोटो राज्यभर फिरले, मुख्यमंत्र्यांना लक्ष घालावं लागलं. रंग डोळ्यांवर आला की आपण उठतो. घरात बसून धागे तोडणाऱ्या मुलीमुळे कुठल्याच नदीचा रंग बदलत नाही. तिच्या अंगठ्याची निळाई रात्री साबणाने जाते, आणि जीन्स धुऊन, इस्त्री होऊन, लेबल लागून दुकानात येते तेव्हा त्या अंगठ्याची कुठलीही खूण तिच्यावर उरत नाही. धागा तोडणं हे कामच असं आहे की ते चांगलं झालं तर दिसत नाही.

या सगळ्याचा जुना धागा ठाण्यातच सापडतो. नारायण मेघाजी लोखंडे १८४८ साली ठाण्यात जन्मले. रेल्वेत, टपाल खात्यात नोकऱ्या केल्या, मग मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत भांडारपाल झाले. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी, ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राचे संपादक. गिरणीच्या आत त्यांनी जे पाहिलं त्यात मुलं होती, पुष्कळ मुलं. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तेव्हा त्याने काय केलं, तर सात वर्षांखालच्या मुलाला गिरणीत घ्यायला बंदी केली, आणि सात ते बारा वयाच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घ्यायचं नाही असं ठरवलं. नऊ तास, सात वर्षांचं मूल! आणि हा कायदा पुढे रेटण्यात लँकेशायरच्या गिरणीमालकांचाही हात होता, कारण मुंबईचं स्वस्त सूत त्यांना बाजारात जड जात होतं. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखी माणसं मात्र कळकळीने झटत होती. १८८१ चा कायदा तरी कुठे लागू झाला? यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. नव्याण्णव माणसांच्या गाळ्यातलं सात वर्षांचं मूल कायद्याच्या बाहेर होतं, आणि घरात बसून सूत उलगडणारं मूल तर कुणाच्या गणतीतच नव्हतं.

१८८४ साली लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. त्या मागण्या आज वाचल्या तरी अंगावर येतात, इतक्या त्या साध्या आहेत: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत मजुरी. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, आणि दोन कामगार बायका उठून बोलल्या. त्यांची भाषणं आपल्यापर्यंत यायला हवी होती. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. आज डोंबिवलीची जी माणसं रविवारी दुपारी जेवून आडवी होतात किंवा मॉलमध्ये कपडे बघायला जातात, त्या सगळ्यांचा रविवार या ठाणेकर माणसाने मिळवलेला आहे. धागा कटिंगवालीच्या घरात तो रविवार अजून आलेला नाही.

पुढे कायदा मुलाचं वय वाढवत गेला. १८९१ मध्ये नऊ, १९२२ मध्ये बारा, १९४८ च्या कारखाना अधिनियमात चौदा. मग १९८६ चा बालकामगार कायदा आला. त्यातही घरात कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या कामाला वाट मोकळी ठेवलेली होती. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलाला सगळ्याच व्यवसायांत बंदी केली, ही मोठी गोष्ट, पण शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या धंद्याला मदत करायची मुभा त्यातही राहिली, धोकादायक काम नसेल तर. कुटुंबाची व्याख्या करताना कायद्याने आई, वडील, भाऊ, बहीण, काका, आत्या, मामा, मावशी एवढी सगळी नाती मांडली. ज्याने कुणी हे लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर शेतात आईमागे भांगलणारं, बापाबरोबर चाकावर माती चढवणारं मूल असावं. ती कळकळ खोटी नसेल. पण आपल्याकडे गठ्ठा घेऊन येणारा ठेकेदारही गावचा काका असतो, आणि दूरच्या जिल्ह्यातून पोराला मुंबईला आणणारा मामा असतो. १८८१ मध्ये शंभर माणसांची भिंत होती, आता नात्यांचा उंबरा आहे. इतक्या वर्षांत मूल गिरणीच्या फाटकातून बाहेर आलं, आणि काम त्याच्या मागोमाग घरात येऊन बसलं.

कल्याण जंक्शनवर पहाटे उत्तरेकडच्या गाड्या लागतात तेव्हा हे मामा दिसू शकतात. दरभंगा, मधुबनी, सीतामढी या भागांतून मुंबईच्या जरीच्या अड्ड्यांवर मुलं आणली गेली त्याला अनेक वर्षं झाली. अड्डा म्हणजे लाकडी चौकटीवर ताणून बसवलेला कपडा. त्याभोवती मांडी घालून कारागीर बसतात आणि आरी नावाच्या आकडीच्या सुईने मणी, टिकल्या, जर टाकत जातात. लहान बोटं बारीक काम करतात, असं म्हणायची तिथे पद्धत होती. २००५ साली मुंबईत एका लहान मुलाच्या मृत्यूनंतर गोवंडी, मदनपुरा भागांतल्या अड्ड्यांवर मोठ्या धाडी पडल्या आणि शेकडो मुलं सोडवून परत पाठवली गेली. २००७ च्या ऑक्टोबरात दिल्लीतल्या अशाच एका गाळ्यात एका बड्या अमेरिकी ब्रँडसाठी लहान मुलांच्या कपड्यांवर भरतकाम करणारी मुलं सापडल्याची बातमी लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ने छापली, आणि कंपनीने तो माल दुकानात येण्याआधी मागे घेतला. अलीकडे आपल्या लग्नांमध्ये पैठणीवर आरी वर्कचा ब्लाऊज हवाच असतो. पाठीवर मोर, बाहीवर वेल, नवरीचं नाव. कौतुकाने मी तो बघते. आणि दरवेळी मनात येतं, एवढ्या थोड्या दिवसांत, एवढ्या पैशांत, हे कुणी केलं असेल? मोठ्या माणसाने केलं असेल तर त्याच्या कसबाला एवढेच पैसे का?

आमच्या पिढीला दिवाळीला एक आणि जूनमध्ये गणवेश, एवढे नवे कपडे मिळत. एकाच ताग्यातून भावाबहिणींचे कपडे निघत, शिंप्याला सांगितलं जाई की वाढत्या अंगाचं शिवा, आत दुमड ठेवा. फाटकं झालं की त्याची गोधडी, आणि उरलेलं बोहारणीला देऊन पातेलं. हे सांगितलं की लोक म्हणतात, तेव्हा बरं होतं, कपड्याची किंमत होती. होती. पण त्या शिंप्याच्या दुकानात मशीनच्या पायाशी गोणपाटावर बसून काजं करणारा, बटणं लावणारा पोरगाही होताच. भिवंडीत मागांसाठी कांड्या भरायला बायका-पोरं पूर्वीपासून बसत आली आहेत. त्या पोराला आपण नावाने ओळखत होतो, दिवाळीला त्याच्या हातावर फराळाची पुडी ठेवत होतो, आणि त्याची शाळा कुठली हे विचारत नव्हतो. ओळख असूनही आपण गप्प होतो. आता ओळखही राहिली नाही. त्याच भिवंडीत आता मैलोगणती गोदामं आहेत. मानकोली, दापोडे, पूर्णा. डोंबिवलीच्या पलंगावर लोळत रात्री फोनवर दाबलेला टॉप तिथून परवा दारात येतो, अंगाला बसला नाही की तेरवा परत जातो. माग आणि गोदाम एकाच तालुक्यात, पण एकाच्या हिशेबात दुसरा नाही.

दिवाळीच्या पहिल्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. गणपतीच्या देवळापासून खाली नुसती तरुण मुलं-मुली, झब्बे, साड्या, ओढण्या, अत्तराचा वास. मला ती गर्दी फार आवडते. आमच्या गावाने जपलेला तो सोहळा आहे, आणि नव्या कपड्यात आरशासमोर उभं राहिल्यावर माणसाला जे वाटतं त्याला मी कधी नावं ठेवणार नाही. गेल्या काही वर्षांत मात्र एक वाक्य त्या गर्दीत वारंवार कानावर पडतं: "एवढ्याला मिळालं, एकदा घालून टाकून दिलं तरी परवडतं." आपल्याला परवडतं हे सांगताना आवाजात आनंद असतो. शिवणाऱ्याला ते कसं परवडलं असेल, हा प्रश्न त्या आनंदाच्या जवळपासही फिरकत नाही. माझ्या मैत्रिणींशी मी यावर बोलते. एकीचं म्हणणं, "पोरं घरात बसून काम करतात, चोऱ्या तर करत नाहीत." दुसरीचं, "आपण एकटीने न घेऊन काय होणार?" तिसरी थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "मग आमच्यासारख्यांनी कपडे घ्यायचे कुठून? महागाचे कपडे तरी कोण शिवतं, माहितेय का?" तिचा प्रश्न खरा आहे. महाग कपड्यामागे मोठा हात असतो याची कुठलीही हमी नाही. दिल्लीतल्या गाळ्यात ज्याचा माल सापडला तो ब्रँड काही स्वस्त नव्हता.

घेणंच बंद करा, हे सांगणं सोपं असतं. ते करून पाहिलेलं आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरीच्या मालावर बंदी घालणारं विधेयक मांडलं. ते मंजूर झालंच नाही, पण नुसत्या भीतीने बांगलादेशातल्या कपडा कारखान्यांनी मुलांना काढून टाकलं, अंदाजे पन्नास हजार. त्यांची वाट कुठे गेली याचा शोध घेतला तेव्हा पुष्कळ मुलं खडी फोडताना, रस्त्यावर, त्याहून वाईट जागी सापडली. १९९५ मध्ये तिथल्या कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी करार केला, त्यात मुलांसाठी शाळा आणि विद्यावेतन आलं, मग जरा सावरलं. आपल्याकडे भदोही-मिर्झापूरच्या गालिच्यांसाठी १९९४ मध्ये रगमार्कचा शिक्का आला, तो पुढे वेगळ्या नावाने टिकला, कारण त्यामागे मागांची तपासणी होती आणि मुलांची शाळाही. आणि मोठ्यांचं काय होतं तेही बांगलादेशाने दाखवलं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली, १,१३४ माणसं गेली. आदल्या दिवशी इमारतीला तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकानं बंद झाली, वरच्या शिलाई कामगारांना मात्र आत बोलावलं गेलं, कारण माल द्यायचा होता. महालक्ष्मीच्या मैदानावर दोन बायका बोलल्या तोही २४ एप्रिलच.

माल द्यायचा होता. परभणीच्या त्या बाईही हेच म्हणाल्या होत्या. शनिवारी द्यायचाय. मला वाटतं, सगळी गाठ इथे आहे. भाव कमी असला की एका बाईच्या हातांनी घर चालत नाही, आणि मुदत कमी असली की एका बाईच्या हातांनी गठ्ठा संपत नाही. दोन्ही एकदम आले की मूल बसतं. २०१९ मध्ये अभ्यासक सिद्धार्थ कारा यांच्या पाहणीत भारतातल्या १,४५२ घरबसल्या कपडा कामगारांशी बोलणं झालं, जवळजवळ सगळ्या बाया आणि मुली. त्यांची तासाची कमाई पंधरा सेंट निघाली, म्हणजे जेमतेम दहा रुपये. अशा घरात मुलीने हात लावला नाही तर काय होईल, याचा हिशेब दुसरीतला तो मुलगासुद्धा करू शकेल. २०११ च्या जनगणनेत देशात ५ ते १४ वयाची एक कोटीहून जास्त काम करणारी मुलं नोंदली गेली. जगाचा २०२४ चा आकडा १३ कोटी ८० लाख आहे. सहावीतली ती मुलगी या आकड्यांत तेव्हाच येईल जेव्हा तिची आई दारात आलेल्या माणसाला सांगेल की पोरगी काम करते. आणि आईच्या मनाने तर ती काम करतच नाही.

बालमजुरीवरच्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय करारांना भारताने १३ जून २०१७ ला मान्यता दिली. घरबसल्या काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीचे हक्क देणारा करार १९९६ पासून आहे, त्यावर भारताची मान्यता नाही. मुलीसाठी कागद तयार आहे, आईसाठी नाही. आईच्या डझनाचा भाव कुठे लिहिलेला नाही, पैसे कधी मिळणार ते लिहिलेलं नाही, तिचं नाव कुठल्या रजिस्टरात नाही. ठेकेदाराला व्यापारी देईल तेव्हा तो तिला देईल. लोखंड्यांनी १८८४ मध्ये मागितलेली पंधरा तारीख तिच्यापर्यंत पोचली असती तर ती मुलगी आठवीत, नववीत कुठे असेल याची मला एवढी काळजी वाटली नसती.

यंदा आमच्या शाळेच्या गॅदरिंगसाठी घागरे शिवून घ्यायचे होते, टिकल्या लावलेले, चमचमते. दरवर्षी नमुना ठरायला डिसेंबर उजाडतो आणि दहा दिवसांत माल हवा असतो. या वेळी मी पालकसभेत उभी राहिले आणि नमुना दिवाळीआधीच ठरवा म्हणून सांगितलं. टिकल्या कुठे लागणार, कोण लावणार, नगाला काय देणार, कधी देणार, हे शिवणाऱ्या बाईंना समोर बोलावून विचारलं. त्या कल्याण पूर्वेच्या, स्वतःचं छोटं युनिट आहे. आधी बिचकल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, घाईचा माल असला की मी घरोघरी वाटते, तिथं कोण लावतं ते मी कसं बघणार? महिना दिलात तर माझ्या दोन बायका इथंच बसून करतील." नगामागे थोडे पैसे वाढत होते. एका वडिलांनी विचारलं, "एकदाच तर घालायचंय, मग जास्त का द्यायचे?" बराच वेळ चर्चा चालली. निम्म्याहून अधिक पालक तयार झाले, बाकीच्यांनी त्यांचे घागरे फोनवरून मागवायचे ठरवलं, त्यामुळे रंग थोडा वेगळा येणार आहे. निम्मे पैसे आम्ही त्या बाईंना आगाऊ दिले आहेत, उरलेले पंधरा तारखेला द्यायचे आहेत. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या युनिटवर जाणार आहे, आणि गठ्ठ्यामागे बसलेल्या दोघींना त्यांची मुलं कितवीत आहेत ते विचारणार आहे.